टाळी वाजवून तपासलेल्या शिड्या

३ फेब्रुवारी

परदेशातल्या एजंटाचा सकाळी पुन्हा फोन. म्हणे, माल निघाला. गेल्या महिन्यातही निघालाच होता. आमचा माल सारखा निघतो आणि पोचत कुठेच नाही.

गोदामात उरलेल्या घडीच्या शिड्या आता एका भिंतीलाच टेकून मावतात. पूर्वी अंग चोरून वाट काढावी लागायची. मोठ्या दुकानाच्या खरेदीवाल्याने स्वच्छ सांगितलंय, मार्चअखेर माल हातात नसेल तर तो दुसरीकडून घेणार. आपला निम्म्याहून जास्त माल त्याच्याकडे जातो. तो गेला की धंदाच गेला. ह्यांनी आणि मी एका खोलीत उभा केलेला धंदा. हे गेल्यावर बाईने बुडवला असं लोक म्हणतील, आणि त्यांचं चुकणारही नाही.

जेवताना जावईबापू हळूच म्हणाले, "आई, शिड्या इथेही बनतात. नदीपलीकडे एक कारखाना आहे. बघून यायला काय हरकत आहे?"

"बघू या हं," म्हटलं, पण मनात पाल चुकचुकली. त्यांना कसा ठाऊक कारखाना? लेकीशी लग्न झाल्यापासून जावईबापू आमच्याच धंद्यात आहेत, याच घरात राहतात, आणि मला अजून त्यांचा थांग लागत नाही. कधी चिडत नाहीत. न चिडणाऱ्या माणसाचा मला पहिल्यापासून संशय येतो.

७ फेब्रुवारी

जाऊन आले कारखान्यात. पत्र्याची लांबलचक शेड, जमीन झाडलेली, अॅल्युमिनियमच्या पट्ट्या मापाप्रमाणे रचलेल्या. इतकी स्वच्छता! आज कोणी येणार हे आधीच ठाऊक असल्यावर स्वच्छता काय, कोणीही ठेवेल.

आत शिरले तर टाळ्या. थांबून थांबून एकेक. मला वाटलं, कोणाचा सत्कार चाललाय. मालकीणबाई हसल्या. (हसतात फार.) म्हणाल्या, त्यांच्या सासऱ्यांपासूनची पद्धत आहे. शिडी पुरी झाली की वरच्या पायरीवर चढायचं, दोन्ही हात सोडायचे आणि टाळी वाजवायची. टाळी वाजली की मगच शिडी बांधायला जाते. आणि बनवणाऱ्याने चढायचं नाही. एकाच्या कामावर दुसऱ्याने चढायचं.

"तुम्हीही चढून बघा ना," म्हणाल्या.

"माझे गुडघे," म्हटलं. गुडघे ठणठणीत आहेत. पण अनोळखी माणसाच्या शिडीवर हात सोडून उभी राहायला मी काही वेडी नाही.

मग हळूच विचारतात कशा, "माल जाणार कुठे तुमचा?" हं! आता आलं पोटातलं ओठावर. गिऱ्हाईक कोण ते कळलं की मला बाजूला सारून थेट तिकडे. या धंद्यात असले गळे कापलेले मी डोळ्यांनी बघितलेत. म्हटलं, "जातो इकडे तिकडे." तर म्हणतात, "तसं नाही हो, घरात वापरणार की अंगणात, त्यावर शिडीच्या पायांना रबरी बूट कुठले लावायचे ते ठरतं." बहाणा चांगला होता, मानलं पाहिजे.

आत एक बाई पायऱ्या जोडणारे रिव्हेट ठोकते. पायाने मशीन दाबायची, हाताने पायरी फिरवायची, मान खाली. मी शेजारी जाऊन उभी राहिले तरी हसली नाही की बोलली नाही. लपवण्यासारखं काही असलं की माणसं अशीच मान वर करत नाहीत.

परतताना जावईबापूंनी विचारलं, "कसा वाटला?"

"टाळ्या छान वाजवतात," म्हटलं.

१२ फेब्रुवारी

मालकीणबाईंशी दराचं बोलणं झालं. मी पाडून मागितलं. त्या म्हणाल्या, "नाही परवडणार." बस. आढेवेढे नाहीत, शपथा नाहीत, मुलांच्या शिक्षणाचं रडगाणं नाही. धंदेवाल्याने घासाघीस करू नये म्हणजे काय? कुठेतरी पाणी मुरतंय.

तरी पहिला छोटा लॉट सांगितला. करते काय! एजंटाचा आता फोनच लागत नाही. माझं काम वेळेत व्हावं म्हणून मालकीणबाई रविवारीही कारखाना चालू ठेवणार आहेत. मी मागितलंही नव्हतं. एवढा कळवळा कशापायी?

१६ फेब्रुवारी, रविवार

जावईबापू सकाळीच बाहेर पडले. "मित्राकडे जातो." संध्याकाळी आले ते जिना चढताना कठडा धरून. पाय भरून आलेले. पाणी द्यायला गेले तर तळहात लालबुंद. पत्ते कुटत बसले असणार दिवसभर, दुसरं काय?

लेकीला विचारलं. ती म्हणते, "आई, त्याच्यामागे नको ना लागूस." म्हणजे तिलाही ठाऊक आहे. मायलेकींत ही गत.

माझा अंदाज असा: त्यांना कारखान्याकडून शिडीमागे काहीतरी मिळतं. सासूच्या गळ्यात कारखाना मारायचा आणि आपण वर चिरीमिरी खायची. उगाच नाही नदीपलीकडचा कारखाना सापडत. हे लिहिताना वाईट वाटतंय, पण लिहून ठेवते. उद्या खरं निघालं तर आधी ओळखलं होतं एवढं तरी समाधान.

२१ फेब्रुवारी

लॉट आला. सांगितलेल्या दिवशी, सांगितलेल्या वेळी. परदेशी शिडी आणि ही शिडी शेजारी उभ्या करून बघितल्या. बिजागरी हलकी चालते, कडी खटकन बसते, पायऱ्यांच्या कडा हाताला लागत नाहीत. आपली परदेशी शिडी तिच्यापुढे म्हातारी दिसायला लागली.

बघून आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. पहिला माल सगळेच देखणा देतात, एकदा पाय रोवला की मग गाळ येतो. आणि टाळ्यांचं म्हणाल तर मी गेले म्हणून वाजल्या. माझ्यामागे कोण चढतंय आणि कोण उतरतंय? कोणाला एवढा वेळ आहे?

लेक म्हणाली, "तुझ्या मनासारखा माल आला तरी तुझं तोंड असंच." मी म्हटलं, "माझं तोंड जन्मापासून असंच आहे." जावईबापू हसले. ते हसले याचाही राग आला.

२४ फेब्रुवारी

शिडीच्या बुटांच्या काळ्या रबराचे डाग फरशीवर पडतात. हे खरं आहे, मी काही मनाचं काढलं नाही. मालकीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "सगळ्या परत पाठवा. बूट बदलते, पुन्हा तपासते आणि देते. तुम्हाला त्याचं काही पडणार नाही." पुन्हा तपासते! बघू तर खरं.

दुपारी लेक आणि जावईबापू वसुलीला गेले होते. मी गोदामात एकटी. ह्यांच्यावेळी परत आलेल्या शिड्या आम्ही दोघंच दुरुस्त करायचो, कानस अजून माझ्या हातात बसते. एक शिडी आडवी घातली. वरून दुसऱ्या पायरीखाली दोन्ही बाजूंना रिव्हेट असतात. एका बाजूच्या रिव्हेटांची डोकी घासून पातळ केली. तुटतील इतकी नाही, पण वजनाला कुरकुरतील इतकी. वरून ग्रीसचं बोट फिरवलं. पुन्हा घडी घालून इतर शिड्यांत ठेवली तर माझी मलाच ओळखता येईना.

सोपी परीक्षा आहे. खरोखर सगळ्या तपासत असतील तर ही शिडी त्यांच्या हाती लागेल आणि मला फोन येईल. नाही तपासल्या तर ती बूट बदलून, बांधून, हसत हसत माझ्याकडे परत येईल. मग बोलते मालकीणबाईंशी.

चढणाऱ्याचा विचार मनात आला नाही असं नाही. पण पायरीवर पाय ठेवताच ती करकरेल, माणूस खाली उतरेल. रोजचं काम आहे त्यांचं. आणि उंची ती काय!

टेम्पो संध्याकाळी आला आणि शिड्या घेऊन गेला.

२७ फेब्रुवारी

कारखान्याकडून काही नाही. कळलं मग टाळ्यांचं. खरं सांगायचं तर बरं वाटलं. आपला अंदाज खरा ठरला की जेवण गोड लागतं.

१ मार्च

मालकीणबाईंचा फोन. बूट यायला उशीर झाला, आजच बसवले, उद्या रविवारी तपासून परवा पाठवतील. म्हणजे अजून तपासल्याच नाहीत. मी म्हटलं, "सावकाश होऊ द्या."

फोन ठेवल्यावर वाटलं, सांगून टाकावं का की एकीत जरा खोट आहे? पण मग परीक्षा कसली?

२ मार्च, रविवार

दुपारी जेवून ताट उचलत होते, तेवढ्यात लेकीचा फोन. ती रडत होती, शब्द कळेना. जावईबापू पडले. दवाखान्यात नेलंय.

मनगट मोडलंय. कपाळाला टाके. कॉटवर पडलेले, शर्टाला रक्त. मालकीणबाई बाहेर बाकावर बसलेल्या. त्यांना तिथे बघितलं आणि सगळं जुळलं. म्हटलं, रविवारी कारखान्यातच असतात तर हे! चिरीमिरीचा हिशेब करायला गेले असतील.

जवळ गेले. विचारायच्या आधीच म्हणाले, "माझाच पाय सटकला, आई. शिडीचं काही नाही." असं म्हणून माझ्याकडे बघत राहिले. एवढा वेळ का बघत होते कोण जाणे. मला वाटलं, बघा, हाड मोडलं तरी कारखान्याला वाचवतायत. केवढं मिंधेपण! आणि मी, देवा, मी ते बोलूनही दाखवलं. म्हटलं, "किती देतात हो ते तुम्हाला?"

लेकीने मला दंडाला धरून बाहेर ओढलं. इतक्या मोठ्याने ती माझ्याशी कधी बोलली नव्हती.

"देतात? अगं, रविवारी तुझ्या शिड्यांवर चढायला जातो तो! एकेका शिडीवर. मालकीणबाईंना गळ घालून. म्हणायचा, आईंचा परक्याच्या टाळीवर विश्वास बसणार नाही, घरच्याच्या बसेल. सगळा लॉट आपण स्वतः चढून तपासला असं शेवटी तुला सांगणार होता. धंदा वाचावा म्हणून!"

लाल तळहात डोळ्यांसमोर आले. पत्ते म्हणे.

कुठली शिडी ते मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

३ मार्च

मालकीणबाई घरी आल्या. हसणं नाही आज. म्हणाल्या, "रिव्हेट तुटलेत, डोकी पातळच बसली होती. दोष आमचा आहे. तुमचे जावई पाय सटकला म्हणतात तो त्यांचा मोठेपणा." सगळं काम थांबवलंय, लॉटमधली शिडी न् शिडी उकलून बघतायत, पुढच्या मालासाठी आणलेलं अॅल्युमिनियम तसंच पडून आहे. दवाखान्याचा खर्च त्या करणार. आणि रिव्हेटवालीला घरी बसवलंय. "चोवीस वर्षांत तिच्या हातची पायरी सुटली नव्हती. पण काय करू? लोक तिच्या कामावर चढायला तयार नाहीत."

आत्ता बोल, आत्ता बोल, असं मन सारखं ओरडत होतं. मी त्यांना चहा दिला. साखर किती ते विचारलं. मूग गिळून बसले आणि त्या गेल्यावर दार लावून घेतलं. माझ्यासारखी नीच बाई मीच.

लेक बोलत नाही. जावईबापूंचं जेवण ती खोलीत नेते.

५ मार्च

सकाळी जावईबापूंच्या खोलीत गेले. लेक आंघोळीला गेली होती. खुर्चीवर बसले आणि एका दमात सांगून टाकलं. कानस, ग्रीस, सगळं.

ते म्हणाले, "ठाऊक होतं, आई. पडल्यावर पायरी तोंडाजवळच होती. घासलेलं दिसत होतं. तुमचं ग्रीस मला कळतं, तुम्ही कायम जास्त लावता."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल असं वाटलं."

एवढंच म्हणाले. चिडले असते तर बरं झालं असतं. मी रडले. त्यांनी डाव्या हाताने तांब्या पुढे केला.

तिथून तशीच कारखान्यात. शेडमध्ये सगळे रिकामे बसलेले, मशीन बंद. मालकीणबाईंना बाजूला बोलवत होते, त्या म्हणाल्या, "इथेच बोला." मग सगळ्यांसमोर बोलले. कोणी शिवी दिली नाही. एक म्हातारा तेवढा उठून पलीकडे जाऊन बसला.

मालकीणबाईंनी समोरच्या शिडीची घडी घातली. मग म्हणाल्या, "आमच्याकडे माणसं एकमेकांच्या कामावर चढतात, बाई. त्यावरच कारखाना चालतो. तुमचं काम मी आता घेणार नाही. घ्यायचं म्हटलं तरी तुमच्या मालावर चढणार कोण?"

मी म्हटलं, "मी चढते."

"तुमचे गुडघे दुखतात ना?" म्हणाल्या. लागलं. लागायलाच हवं होतं.

रिव्हेटवालीच्या घरचा पत्ता घेतला. मागच्या गल्लीतच एक खोली. दारात बसून ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी सांगितलं. ती ऐकत होती, घड्या चालूच. संपल्यावर हात थांबले.

"म्हणजे माझा हात चुकला नव्हता?"

"नाही हो. माझं कृत्य."

"तीन रात्री झोप नाही मला. आजवरच्या किती शिड्यांत असं झालं असेल, कोण कुठे पडलं असेल, हेच मनात. सकाळी चहाचा कप उचलतानाही वाटत होतं, पडेल हातातून." मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच. "असं कसं जगता हो तुम्ही? मला तीन दिवस झेपलं नाही."

खाली पडलेली एक घडी उचलून तिच्यापुढे ठेवली आणि निघाले.

८ मार्च

रिव्हेटवाली कामावर गेली, जावईबापूंना फोनवर कळलं. पण काम कुठे आहे? आपल्या भरवशावर त्यांनी इतर बारीकसारीक ऑर्डरी सोडल्या होत्या. आणलेलं अॅल्युमिनियम पडून आहे, निम्मी माणसं झाडलोट करून घरी जातायत.

परदेशी एजंटाला आज फोन लागला. माल निघालाय म्हणाला. मी फोन ठेवला.

दिवसभर एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. ज्याची मला इतकी वर्षं भीती, तेच आपल्या हाताने करायचं. ह्यांना विचारायची सोय असती तर! ह्यांनी ओरडाच केला असता बहुतेक.

१० मार्च

मोठ्या दुकानाच्या खरेदीवाल्याचा फोन आला. मीच करणार होते, त्याने आधी केला.

"बाई, इथल्याच कुठल्या कारखान्याचा माल आणताय म्हणे. भरवशाचा आहे ना? नंतर लफडं नको."

"कारखाना भरवशाचा आहे," म्हटलं. "तिथल्या माणसांवर डोळे मिटून विश्वास ठेवा. पण माल मी देणार नाही. मालकीणबाईंचा नंबर लिहून घ्या आणि थेट त्यांच्याकडून घ्या. मार्चअखेर नक्की मिळेल."

मग म्हणाला, "थेट? आणि तुम्हाला काय मिळणार?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"नाही."

हसला. "बाई, मी काय आज धंद्यात आलोय? कोणी असं गिऱ्हाईक फुकट सोडतं का? यात काहीतरी गोम आहे."

"गोम नाही हो."

"माल खराब निघाला का? का तुमचं त्यांच्याशी भांडण? का त्या बाई तुमच्याच कोणी लागतात?"

एकेक करून तो सगळं विचारत गेला. मी त्याच्या जागी असते तर याच क्रमाने विचारलं असतं. एकही शंका मला नवी नव्हती आणि एकही खोटी ठरवायला माझ्याकडे पुरावा नव्हता. खरं बोलत होते आणि खरं वाटत नव्हतं, केवढी तडफड होते माणसाची! शेवटी जे केलं होतं ते सगळं त्यालाही सांगितलं. तेव्हा कुठे त्याचे प्रश्न थांबले. "सांगा नंबर," म्हणाला.

फोन ठेवून वळले तर लेक गोदामाच्या दारात उभी. तिने ऐकलं होतं. गोदाम सगळं मोकळं, आवाज घुमतो आता.

"आई," ती म्हणाली, "मग आता आपण विकायचं काय?"

दवाखान्यापासून आज पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली. आणि "आपण" म्हणाली. मी कोपऱ्यातलं स्टूल तिच्यासाठी पुढे ओढलं.